मेहकरची मोतीबिंदूची साथ

२८ ऑक्टोबर १९६३, सोमवार
मंडळाचं पत्र आलं. मंडळ म्हणजे आम्हा चष्मेवाल्यांचं. नंबर काढून चष्मे देणाऱ्या सगळ्या जुन्या लोकांसाठी खामगावला रिफ्रेशर कोर्स. चार रविवार वर्ग, पाचव्या रविवारी परीक्षा. पास होईल त्याला सर्टिफिकेट. नसेल त्याने पुढच्या वर्षापासून नुसत्या फ्रेमा विकायच्या, नंबर काढायचा नाही.

एकतीस वर्षं मी मेहकरात नंबर काढतोय. मला रिफ्रेश करणार?

दुपारी शांतपणे विचार केला तेव्हा उलगडा झाला. मला शिकवायला बोलावलं असणार. कारकुनाने चुकून विद्यार्थ्यांच्या यादीत घातलं. कोणत्या विषयावर बोलू, असं विचारणारं कार्ड टाकलं.

२ नोव्हेंबर, शनिवार
मंडळाचं उत्तर. वेळेवर हजर राहावे, वही सोबत आणावी. बाकी काही नाही.

ठीक आहे. उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून दोन तास अभ्यास.

पुस्तकाचं टाइप बारीक, पण मी बिनचष्म्याने वाचतो. वय अठ्ठावन्न. श्रावणापासून वाचायचा चष्मा पेटीत पडून आहे. त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतो त्याचा गुण. आमच्या सौ. पुष्पाबाईंना हे अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, मग काल पोस्टमनला तलाठी समजून आत चहाला कसं बसवलं? पोस्टमन उन्हाकडे पाठ करून उभा होता. कोणीही फसला असता.

३ नोव्हेंबर, रविवार
साडेसातला उठलो. सौ.ने हाक मारली नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार
मेहकरात मोतीबिंदूची साथ आहे. हे आज मी प्रथमच कागदावर लिहितो आहे, म्हणून वेळही नोंदवतो: सकाळी १०.२०.

माझ्याकडे रेटिनोस्कोप आहे, मधोमध भोक असलेला आरसा. त्याने दिव्याचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात पाडायचा आणि भोकातून बाहुली पाहायची. दसऱ्यापासून ज्याच्या डोळ्यात पाहावं त्याच्या बाहुलीत धूसर. आजवर तेरा. त्यात शेषराव मास्तर, वय बावीस! वैद्यकाच्या इतिहासात अशी साथ कोणी पाहिली नसेल. कारण शोधतोय. शेंगदाण्याच्या तेलाचा संशय आहे. शोधनिबंध लिहिणार.

समोर भाजी घेऊन बसणारी सोजराबाई नवऱ्याच्या चष्म्याची काडी बसवून घ्यायला आली होती. तिलाही तपासलं. दोन्ही डोळ्यांत धूसर. चौदा. ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर वर्षभरात आंधळी होशील, असं स्पष्ट सांगितलं. ती घाबरली, पण ऐकेना. म्हणाली, “मले तं समदं दिसते, भाऊ. तुमच्या सदऱ्याचं खालून दुसरं बटन काळं हाये, बाकीची पांढरी.”

रोगी नेहमी आधी नाकारतो. निबंधात हे वाक्य घ्यायचं.

१० नोव्हेंबर, रविवार
वर्ग पहिला. एसटीच्या पाटीवर अक्षरं कोण रंगवतो त्याला बडतर्फ केलं पाहिजे. खामगाव समजून चिखलीच्या गाडीत बसलो. हिवऱ्याला उतरून परत मेहकर, मग दुसरी गाडी. वर्गात पोचलो तेव्हा दीड वाजला होता.

शिकवायला नागपूरचे डॉक्टर घारपुरे. वर्गात मी धरून अकरा जण. डॉक्टर फळ्यावर मुंगीएवढं लिहितात, म्हणून मी शेवटच्या बाकावरून पहिल्यावर गेलो. माझ्या अनुभवाला ते शोभूनही दिसतं. शेजारी जळगाव जामोदचा निवृत्ती म्हणून सव्वीस वर्षांचा पोरगा. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. फळ्यावरचं प्रत्येक वाक्य माझ्या कानाशी हळूच वाचतो. माझ्याकडून खात्री करून घेत असावा. मी मान हलवत होतो.

१७ नोव्हेंबर, रविवार
वर्ग दुसरा. अभ्यास अजून सुरू झालेला नाही, कारण गुरुवारी पाहुणे.

आज प्रत्येकाने भिंतीवरचा अक्षरांचा चार्ट वाचायचा होता. इतर लोक डोळे बारीक करून, अडखळत. माझी पाळी आली. मी ताठ उभा राहून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचला, खालचं छापखान्याचं नावसुद्धा. खाली बसल्यावर निवृत्तीने सांगितलं की मधे डॉक्टरांनी चार्टवर पडदा ओढला होता, तो अजून उघडायचा होता.

एकतीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

डॉक्टरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. चांगलंच असणार.

२४ नोव्हेंबर, रविवार
वर्ग तिसरा. विषय मोतीबिंदू. माझाच.

परीक्षेसाठी महत्त्वाचं, दोनदा अधोरेखित: म्हातारा माणूस एकाएकी बिनचष्म्याने वाचू लागला तर आनंद मानू नये. डोळ्यातलं भिंग घट्ट व्हायला लागलेलं असतं. जवळचं काही दिवस छान दिसतं, लांबचं जातं. दिव्याभोवती किरणं फाटतात. माणूस खूश असतो आणि घरच्यांचं ऐकत नाही.

फार उपयुक्त माहिती. ही लक्षणं असलेलं कोणी ओळखीचं आहे का ते परतीच्या गाडीत आठवून पाहिलं. कोणी सापडलं नाही. मेहकर स्टँडवरचे दिवे मात्र हल्ली फारच फाटलेले दिसतात. व्होल्टेज.

वर्ग संपल्यावर डॉक्टरांना साथीबद्दल सांगितलं. चौदा रोगी, त्यात एक बावीस वर्षांचा. त्यांनी जवळ येऊन माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, परीक्षेच्या दिवशी त्यातले दोघे घेऊन या, सगळ्यांसमोर तपासू.

म्हणजे परीक्षा आणि निबंध एकाच दिवशी! निबंधावर शाल की नुसता हार, हे मंडळावर सोडतो.

२७ नोव्हेंबर, बुधवार
शेषराव मास्तर यायला तयार आहेत. मी सांगितल्यापासून मास्तरांनी वाचन सोडलंय म्हणे, आणि मुलीकडच्यांना कळवून लग्न लांबणीवर टाकलंय. सावध माणूस.

सोजराबाईकडे गेलो. ती दुकानात मागे पोत्यावर बसून होती. तराजू सून कोकिळा हिच्या हातात. मी ऑपरेशनचं सांगितल्यापासून सुनेने काट्याला हात लावू दिलेला नाही. म्हणते, सासूबाईला दिसत नाही, गिऱ्हाइकाला कमी-जास्त जाईल. सोजराबाई मला म्हणाली, “चाळीस वर्षं मी काटा धरून राह्यली भाऊ. आता नुसतं बसून काय करू?”

विश्रांती डोळ्यांना चांगली, असं समजावलं. खामगावला तिची बहीण आहे, त्या निमित्ताने यायला कबूल झाली. तिथून परतताना जरा अस्वस्थ वाटलं. ऊन लागलं असावं.

१ डिसेंबर, रविवार
वर्ग चौथा. प्रॅक्टिकल. जोड्या लावल्या, माझ्यासमोर निवृत्ती. मी रेटिनोस्कोप धरला. निवृत्तीच्या दोन्ही डोळ्यांत धूसर! साथ जळगाव जामोदपर्यंत पोचली.

त्याला हळुवारपणे सांगितलं. तो घाबरला नाही. म्हणाला, काका, डाव्या डोळ्याने पाहा बरं एकदा भोकातून. मी सांगितलं की एकतीस वर्षं मी उजव्यानेच पाहतो, आणि कालच्या पोराने मला डोळा शिकवू नये.

मग त्याची पाळी. माझ्या हनुवटीला हात लावून त्याने उजव्या डोळ्यात उजेड टाकला. पाहतच राहिला. आरसा खाली केला, पुन्हा धरला. वहीत काही लिहिलं नाही.

संध्याकाळी गाडीवर सोडायला आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, “काका, परीक्षेच्या आधी उजवा डोळा डॉक्टरसाहेबाले दाखवा. मी कोणाले सांगत नाही.”

मत्सर. परीक्षेच्या आठवडाभर आधी माझा आत्मविश्वास खचवायचा डाव. गाडी सुटली तरी तो तिथेच उभा होता. मी तोंड फिरवलं.

३ डिसेंबर, मंगळवार
झोप नीट लागत नाही. ढेकूण.

५ डिसेंबर, गुरुवार
निवृत्तीच्या म्हणण्याचा निकाल लावायचाच म्हणून आज दुकानाचं दार लोटून स्वतःची तपासणी केली. डावा डोळा तळहाताने झाकला. समोर चार्ट. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बिनचूक वाचला. उजवा डोळा फर्स्टक्लास. तसं इथे लिहून ठेवतो, सही करतो. वामनराव.

मग तसाच डावा झाकून दारात गेलो. रस्ता जरासा दुधाळ दिसत होता, धूळ असते. सोजराबाईच्या दुकानात कोकिळा एकटीच. म्हातारी आज आली नाही वाटतं, असं जेवताना सौ.ला म्हणालो. सौ. म्हणाली, दिवसभर तिथेच तर बसली होती, मागे पोत्यावर. तुम्ही दारात उभे होता तेव्हा हात करत होती तुम्हाला.

सावलीत बसली असेल.

सावलीत होती का, हे सौ.ला विचारलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार
अभ्यास पूर्ण झाला आहे असं मानायला हरकत नाही. पहाटेचे दोन तास जमले नाहीत, पण एकतीस वर्षांपुढे दोन तास काय!

सौ. म्हणाली, उद्या गाडीची पाटी मास्तरांना वाचू द्या. मी वाद घातला नाही. कारण माहीत नाही.

८ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
परीक्षा झाली.

सगळं लिहायचं ठरवून बसलो आहे.

सोजराबाई आणि शेषराव मास्तर दाराजवळच्या बाकावर. माझं नाव पुकारलं. निवृत्ती परीक्षक, मी रोगी. डावा डोळा झाकायला सांगितला. डॉक्टरांनी चार्टवरचा पडदा बाजूला सारला. मी सुरू केलं आणि चौथ्या ओळीपर्यंत आलो. कोणी थांबवलं नाही. कोणी बोललंही नाही. त्या शांततेत माझाच आवाज मला ऐकू यायला लागला आणि मी थांबलो.

निवृत्ती जवळ येऊन म्हणाला, “काका, चार्ट बदललाय. त्याच्यात अक्षरंच नाहीत.”

अडाणी लोकांसाठीचा नवा चार्ट होता. तीन दांड्यांची खूण, तोंड कधी वर, कधी खाली, कधी बाजूला. बोटांनी दाखवायचं कुठे तोंड आहे ते. मला भिंतीवर एक पांढरा कागद दिसत होता. कागद आहे एवढं दिसत होतं. सगळा वर्ग, डॉक्टर, आणि माझ्या बोटांना कुठे वळायचं ते कळेना.

मग डॉक्टरांनी सोजराबाईला बोलावलं. तिने पदर सावरला आणि बोटांनी एकेक खूण दाखवत गेली. वर, खाली, उजवीकडे. शेवटच्या ओळीपर्यंत. एकही चूक नाही. मास्तरांचं तसंच. डॉक्टरांनी दोघांच्या बाहुल्यांत उजेड टाकून पाहिलं आणि भिंग निर्मळ आहे म्हणाले. मी आरसा मागून घेतला. मला धूसरच दिसलं. डॉक्टरांनी माझ्या हातातला आरसा माझ्या डाव्या डोळ्याकडे नेला.

धूसर बरंचसं गेलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “वामनराव, साथ त्यांच्या डोळ्यांत नाही.”

सोजराबाईने विचारलं, “मंग मी आंधळी होत नाही ना?” डॉक्टर नाही म्हणाले. ती खाली बसली आणि रडायला लागली. मास्तर उठून बाहेर गेले. मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर्टिफिकेट दहा जणांना मिळालं. माझं ऑपरेशन संक्रांतीनंतर, आधी उजवा. तोवर नंबर काढायचा नाही, असं डॉक्टरांनी माझ्याकडून वदवून घेतलं. ऑपरेशननंतर पुन्हा परीक्षेला बसता येईल, पण कोर्स पहिल्यापासून करावा लागेल.

स्टँडवर गर्दी होती. सोजराबाईने माझं कोपर धरलं. तिला वाचता येत नाही. पण मेहकरच्या गाडीचं मागचं चाक कसं चिखलाने माखलेलं असतं ते तिला माहीत आहे. तिने मला बरोबर गाडीत बसवलं.

१० डिसेंबर, मंगळवार
रेटिनोस्कोप पेटीत ठेवला. पेटीची किल्ली सौ.कडे.

कालपासून चौदा जणांकडे जातोय. सहा झाले. एकाने पाणी विचारलं, एकाने दार लावलं. मास्तरांच्या होणाऱ्या सासऱ्यांना पत्र लिहिलं: डोळे निर्दोष आहेत, चूक माझी. सहीखाली ‘नेत्रपरीक्षक’ लिहायचा हात थांबला.

शोधनिबंध. साथ नाही. रोगी एक.

सकाळी सोजराबाईच्या दुकानात गेलो. कोकिळेला म्हणालो, काटा सासूच्या हातात दे, तिला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. तिने दिला. सोजराबाईने पावशेर वांगी तोलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “भाऊ, बटन अजून तेच हाये.”

खाली पाहिलं. खालून दुसरं. काळं. महिनाभर असा हिंडलो, खामगावला डॉक्टरांसमोरसुद्धा. जवळचं तर मला अजूनही चांगलं दिसतं. तिने सांगितलं तेव्हा मी खाली पाहिलंच नव्हतं.

सौ.ने दुपारी पांढरं लावून दिलं.