फुलकोबीचं स्टेक

५ डिसेंबर, गुरुवार

मधूचा वाढदिवस चौदाला. तीस पूर्ण! आणि साजरा कुठे? स्टेकहाउसमध्ये!

मला आधी 'स्टेट हाउस' ऐकू आलं. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे, असेल एखादं नवीन सरकारी विश्रामगृह. पण नाही. स्टेक. म्हणजे मांसाचा जाडजूड तुकडा. तो निखाऱ्यावर भाजतात आणि लोक सुरी-काटा घेऊन त्याच्याशी कुस्ती खेळतात. आणि तिथला मानाचा पाहुणा कोण? मी! निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, जन्मापासून शाकाहारी!

"तिथं व्हेज पण मिळतं, बाबा."

मिळत असेलच. स्मशानातसुद्धा चांगली सावली मिळते.

खरं कारण निराळंच. प्रशिकच्या आईवडिलांची आणि माझी भेट घडवायची आहे. प्रशिक म्हणजे हिनं परस्पर पसंत केलेला मुलगा. उमरेडच्या कोळसा खाणीत इंजिनिअर. हिनं मला सांगितलं त्याला दोन वर्षं झाली. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. "विचार करतोय," म्हणालो. दोन वर्षं विचार! एवढा विचार तर कधी शाळा तपासणीच्या शेऱ्यातही केला नव्हता.

मुलगा बरा आहे. अडचण काय ते मी मोठ्यानं बोलत नाही. आम्ही सुशिक्षित माणसं!

८ डिसेंबर, रविवार

आज विचारलं, हॉटेलच कशाला? घरी बोलाव की त्यांना.

मधू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी बोलावलं तर तुम्ही त्यांच्यासाठी वेगळे कप काढाल. भीती वाटते मला."

मी! मी वेगळे कप काढीन? घरात कप आहेत पाच, त्यातल्या दोनांचे कान तुटलेले. वेगळे काढायला आणू कुठून?

"मग त्यांच्याकडे जाऊ."

"तिथं तुम्ही पोट बिघडलंय म्हणून सांगाल."

 म्हणणार होतो तेच.

मग बाईसाहेबांनी दुसरा बाँब टाकला. "आणि बाबा, मी तिथं मटण खाणार आहे. तुमच्यासमोर. कॉलेजपासून खाते. लपवून लपवून कंटाळले आता."

तीस वर्षं वरणभात चारलेली मुलगी! या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. बायकोसाठी, यमूसाठी आलं नाही. कीर्तनकाराची मुलगी ती! तीन वर्षांपूर्वी गेली ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर आज कपाळाला हात लावून बसली असती.

११ डिसेंबर, बुधवार

ब्लेझर काढून पाहिला. बटण लागत नाही. शाकाहारानं माणूस सडपातळ राहतो म्हणणारा डॉक्टर कुठे भेटला तर बरं होईल.

१५ डिसेंबर, रविवार (सकाळ)

कालचं सगळं लिहून काढतो. लिहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही.

हॉटेल आमच्या धरमपेठेतच. त्या जागी पूर्वी पिठाची गिरणी होती. आता आत एवढा अंधार की मेनू वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागते. एवढे पैसे घेतात, दिवे तेवढे लावत नाहीत! अख्ख्या हॉटेलात मराठी शब्द एकच, दारावर — 'ओडा'. माझा हात खिशात लाल पेन शोधायला गेलाच.

प्रशिकचे वडील प्रेमानंदराव. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. राखाडी सफारी, चापून बसवलेले केस. आई नंदिनीबाई, सुती साडी, शांत चेहरा. जरीपटक्याला राहतात. मी नमस्कार करतोय तोच मधू खिदळली — "बाबा, ओळखलं नाही? या म्हणजे आईची नंदा!"

नंदा! यमूच्या पाटबंधारे ऑफिसातली नंदा! बावीस वर्षं रोज संध्याकाळी यमू सांगायची — आज नंदा असं म्हणाली, आज नंदानं साहेबांना गप्प केलं. मी एकदाही आडनाव विचारलं नाही. मनातल्या मनात मीच देऊन टाकलं होतं. नंदा जोशी. फार तर नंदा देशपांडे. यमू जिच्यासोबत डबा खाते ती आणखी कोण असणार!

असो. वेटर आला. मांस कसं हवं, मीडियम की वेल डन? प्रशिक म्हणाला मीडियम. प्रेमानंदराव म्हणाले, "भाऊ, पुरं शिजवून आण. आम्हाले काही घाई नाही."

माणूस मला तिथंच आवडायला लागला होता. काय करणार!

माझ्यासाठी फुलकोबीचं स्टेक. म्हणजे लाकडी फळीवर फुलकोबीचा एक आडवा काप. वर हिरव्या चटणीचे तीन थेंब. चौथा नाही! सोबत करवतीच्या दात्यांची सुरी. फुलकोबी काय पळून जाणार होती?

मधूनं बोकडाची चाप, म्हणजे हाडासकट भाजलेली बरगडी, मागवली होती. माझ्याकडे सरळ पाहत तिनं पहिला घास तोंडात घातला. वास आला. (त्या वासाबद्दल आज लिहीत नाही.)

तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग प्रेमानंदरावांनी उसासा सोडला. "आज यमूताई पाहिजे होत्या. नळी त्याहिलेच लागे."

"कसली नळी?" मी विचारलं.

"मटणाची जी! बुधवारी नंदिनी डबा नेत जाय ना ऑफिसात. ताई पोळी बाजूले ठेवून आधी नळीच घे..."

"अहो, पाणी प्या," नंदिनीबाई म्हणाल्या. फार उशीर झाला होता.

मधूचा काटा हवेतच राहिला. तिलाही हे ठाऊक नव्हतं!

मी हसलो. अधिकारी हसतात तसा. "काहीतरी गफलत होतेय तुमची. यमू पक्की शाकाहारी होती."

नंदिनीबाईंनी ताटलीकडे पाहिलं. हो नाही, नाही पण नाही. माझीच युक्ती!

प्रेमानंदरावांना वाटलं, आपण सावरून घ्यावं. म्हणाले, "त्यात काय एवढं साहेब! तुम्ही बी तर... थांबा, मी मघापासून म्हणूनच राहिलो, तुम्हाले कुठंतरी पाह्यलं. उमरेड! स्टँडसमोरचं भोजनालय! शेवटच्या बाकावर, भिंतीकडं तोंड करून. मटणाचा रस्सा तीन-तीनदा मांगत होते तुम्ही! मी बाजूच्याच बाकावर राहो."

 चार जोड्या डोळे माझ्यावर.

मी म्हणालो, "चूक होतेय तुमची. मी उमरेडला कधी जेवलोच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिकीट न काढता बसलेल्या माणसाकडे कंडक्टर पाहतो, तसं. मग हळूच म्हणाले, "असंन साहेब. माणसासारखे माणसं असतात." आणि खाली मान घालून जेवू लागले.

नंतर केक आला. सगळ्यांनी गाणं म्हटलं. सर्वांत मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या.

१६ डिसेंबर, सोमवार

मधू ऑफिसला निघता निघता दारात थांबली.

"प्रशिकचे बाबा खोटं बोलले, असं तुमचं म्हणणं आहे?"

"माणूस चुकतो."

"आणि आईबद्दल?"

"तेही चुकले."

"म्हणजे मी ज्या घरात जाणार, तिथली माणसं गेलेल्या बाईबद्दल वाट्टेल ते बोलतात. मग अशा घरात लग्न कसं करू? तुम्हीच सांगा."

मी काय म्हणालो ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही. मी म्हणालो — "मग नको करू."

 तिनं चपला घातल्या आणि गेली.

१७ डिसेंबर, मंगळवार

मधू बोलत नाही. वरण खारट. कुणी तक्रार केली नाही. करणार कोण?

१८ डिसेंबर, बुधवार

आज लिहितोच.

उमरेडला मी जेवत होतो. एकदा नाही, दोनदा नाही. तालुक्यातल्या शाळा तपासायला जायचो ती तेवीस वर्षं. सकाळच्या एसटीनं जायचं, दोन शाळा बघायच्या, मुलांना पाढे विचारायचे आणि एक वाजला की त्या भोजनालयात. शेवटचा बाक. भिंतीकडे तोंड. रस्सा — हो, तीनदा. तोंडाला सुटलेलं पाणी शनिवारी त्या अंधारात कुणाला दिसलं नाही, एवढीच हॉटेलवाल्याची कृपा. समोर काय, तर फुलकोबी!

आणि या वहीत पाच तारखेलाच 'जन्मापासून शाकाहारी' असं लिहून बसलोय. वहीशीसुद्धा खोटं! वाचणारा मीच, लिहिणारा मीच, आणि तरी!

यमूला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. थोडं खरं आहे. बाकीचं खरं असं की घरात सोवळा म्हणून मिरवायला मला आवडत होतं.

तिनं काय सांगितलं असेल स्वतःला? तिच्या माहेरी पहाटे काकडा व्हायचा. तिला वाटलं असेल, मला कळलं तर मी आकाशपाताळ एक करीन. केलंही असतं! मटणावरून नसतं केलं कदाचित. डबा कुणाच्या घरचा, त्यावरून केलं असतं. हे लिहायला तीन दिवस लागले.

बुधवारी ती रात्री कमी जेवायची. "पोट भरल्यासारखं वाटतंय," म्हणायची. आणि मी तिला हिंगाष्टक चूर्ण द्यायचो! कोमट पाण्यातून! काय हसली असेल दुसऱ्या दिवशी नंदाजवळ.

रोज आठ वाजता आम्ही समोरासमोर बसून दोडक्याची भाजी खात होतो. दोघांनाही नको असलेली. एकमेकांसाठी. बत्तीस वर्षं!

नळी चोखताना ती कशी दिसत असेल? मी पाहिलंच नाही. त्या ऑफिसातल्या शिपायानं पाहिलं, नंदानं पाहिलं. मी नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

चहाच्या वेळी मधूला सांगितलं. सगळं. भिंतीकडे तोंड करून बसायचो, तेही.

तिला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो! डोळे पुसून म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, बाबा? ज्यांना खोटं पाडलं त्यांना जाऊन सांगा."

तपासणीच्या वेळी मी मास्तरांना उभं करायचो. आता माझी पाळी.

२१ डिसेंबर, शनिवार

जरीपटक्याला जाऊन आलो. एकटाच गेलो. मधू येते म्हणाली, मीच नको म्हटलं. अधिवेशनामुळं रस्ते अडवलेले. ऑटोवाल्यानं असं फिरवून नेलं की वाटेत चारदा परत फिरावंसं वाटलं आणि चारही वेळा मागे पोलिसांचं बॅरिकेड! लोकशाहीचा असाही उपयोग.

प्रशिक ड्यूटीवर होता. प्रेमानंदरावांनी दार उघडलं. आत जायच्या आधी उंबऱ्यातच बोलून टाकलं, कारण बसलो असतो तर हवापाण्यावर बोलत बसलो असतो. "तुम्ही बरोबर होता. तो मीच. मी खोटं बोललो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "साहेब, सव्वीस वर्ष गाडीत माणसं पाह्यले मी. एकदा पाह्यलेला माणूस इसरत नाही. तुम्ही नाही म्हणलं, तवा वाईट वाटलं. मटणाचं नाही हो! होणाऱ्या सुनेसमोर तुम्ही मले खोटं पाडलं, त्याचं वाटलं."

मी हात जोडले. 

"आता उभे काहून राह्यले? या आत. नंदिनी, वं, ताट वाढ! साहेब जेवूनच जातीन."

मटण होतं. वार शनिवार! यमूच्या माहेरी शनिवारी कांदासुद्धा चालत नसे. मी जेवलो. नंदिनीबाईंनी न विचारता नळी वाढली. आवाज न करता खायचा प्रयत्न केला, जमलं नाही. प्रेमानंदराव खुशीत आले. "हे आपलं पद्धतशीर काम झालं! त्या हॉटेलात माणूस कापतच राह्यते, खाते कधी?"

निघताना म्हणालो, लग्नाची तारीख तुम्ही काढा. तुमच्या पद्धतीनं करा, विहारात करा. मला फक्त कुठे उभं राहायचं ते सांगा.

घरी आल्यावर मधूला सांगितलं. ती उठून आत गेली. दोन कप चहा करून आणला. कान तुटलेला कप तिनं स्वतः घेतला.

२२ डिसेंबर, रविवार

काल फाटकापाशी नंदिनीबाई एक गोष्ट म्हणाल्या. काल लिहवली नाही.

"तुम्ही उमरेडले जेवता, ते ताईले ठाऊक होतं. पयल्या वर्षापासून. रुमालाले वास ये म्हणे."

मग बोलली का नाही?

"मी बी विचारलं होतं. म्हणे, ते आपल्या तोंडानं सांगतील, त्या दिवशी मी पण सांगीन."

दवाखान्यात शेवटच्या दुपारी यमूनं माझा हात धरून विचारलं होतं — "काही सांगायचं राहिलंय का तुमचं?"

मी म्हणालो, "काही नाही. तू आराम कर."