विलीच्या आईने धरलेला हात

प्रिय ताईस सेमिसीचा सलाम.

माझा खांदा आता बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

व्हॅन चालवताना माझा डोळा लागला आणि आपला विली गेला, हे तुला कळलंच असेल. त्याची आई टोंगाहून इथे ऑस्ट्रेलियात, मिल्डुराला त्याला न्यायला आली. प्रार्थनेच्या वेळी मी चर्चबाहेरच थांबलो, तर ती उठून बाहेर आली.

"आत चल, पोरा."

"मावशी, माझी लायकी नाही."

"लायकीचं कोण विचारतंय? मला एकटीला त्याच्याजवळ बसवत नाही."

शेवटपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

ताई, संडे स्कूलमध्ये तू देवाची कृपा शिकवायचीस, तेव्हा सोपी वाटायची. शिक्षा मी सोसली असती. ही कृपा कशी सोसू, ते लिही.

तुझाच,
सेमिसी