छत्रीखालचा लांबट हिरा

गडचांदूर,
६ ऑक्टोबर, सकाळ (चहा दोनदा झालेला आहे)

आदरणीय लटारूभाऊंना त्यांच्या भाटव्याचा, म्हणजे श्रीहरीचा, वाकून रामराम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे तुम्ही सगळे त्याहून बरे असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? तेल सुगंधावहिनीच लावतात की तुम्ही स्वतः लावून पाय दुखला म्हणून त्यांच्यावरच ओरडता? तुमच्या सावली गावाकडचं धान यंदा गर्भात चांगलं आलं असं ऐकलं. तुमच्या शेताच्या धुऱ्यावर वाघ येऊन बसतो, हे आमच्या सूनबाईने, मयुरीने, मोबाइलवर वाचून दाखवलं. भाऊ, त्याला हाकलायला तुम्ही स्वतः जाऊ नका. तुमचा स्वभाव त्याला माहीत नाही.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तुम्ही म्हणाल. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा सांगायचं ते घशापर्यंत आलं आणि तोंडातून युरियाचा भाव बाहेर पडला. (तिसऱ्या फोननंतर तुम्ही वहिनींना म्हणालात म्हणे, श्रीहरी म्हातारपणी वावर घेते वाटते.) कागदावर समोरच्याचा आवाज येत नाही, म्हणून जरा धीर होतो. तुमची बहीण रुखमा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तुम्ही मला भाटवाच मानता, दिवाळीला चिवड्याचा डबा धाडता, म्हणून हे सगळ्यात आधी तुम्हालाच कळायला हवं. तर एका दमात लिहितो. मी लग्न करतो आहे. लिहिलं. आता पाणी पिऊन येतो.

आलो.

मुलगी कोण, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मुलगी अठ्ठावन्न वर्षांची आहे. आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं बाळंतपणं करून मार्चमध्ये रिटायर झालेल्या रीता सिस्टर. लग्नाच्या वयात वडील अंथरुणाला खिळले, ते उठले नाहीत आणि लग्नाचं वयही थांबलं नाही. भाऊबहीण कोणी नाही. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मी त्यांच्याकडे बीपी बघून घ्यायला जायचो. पुढे पुढे माझं बीपी दर दोन दिवसांनी बघावंसं वाटू लागलं, तेव्हाच आमच्या सुनेला शंका आली. (आमच्या मुलाला, प्रफुलला, आली की नाही कळत नाही. तो कारखान्यातून येतो, जेवतो, झोपतो. पण परवा त्याने न सांगता माझी स्कूटर पुसून ठेवली. त्याला मी संमती धरली.) शेवटी कोरपना रोडवर सकाळी फिरताना मी विचारून टाकलं. सिस्टर म्हणाल्या, आठ दिवसांनी सांगीन. हे आठ दिवस माझं बीपी कोणीच बघितलं नाही ते बरं झालं. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "हो. पण मले अंगठी पाह्यजे. हिऱ्याची. लांबट हिऱ्याची."

मी गारच पडलो. म्हणजे सिस्टर लोभी आहेत असं मनात आणू नका. त्यांनी सांगितलेलं कारण ऐका. बाळंतपणाच्या खोलीत हातात काही घालता येत नाही. तेहतीस वर्षं बोटं मोकळी. आलेल्या बाईच्या अंगठ्या मात्र ह्यांनीच काढायच्या, गॉजमध्ये गुंडाळायच्या, पिन लावून तिच्या आईच्या पदराला टोचायच्या, आणि लेकरू झालं की परत तिच्या बोटात घालायच्या. हजारो बायकांना अंगठ्या घातल्या आणि स्वतःला एकही नाही. त्यात एकदा कारखान्यातल्या कोणा इंजिनीअरची बायको आली होती, तिच्या बोटात लांबट हिरा होता. सिस्टरची बोटं आखूड आहेत (मी म्हणत नाही, त्याच म्हणतात). त्यांनी तो हिरा काढताना एक क्षण आपल्या बोटावर धरून पाहिला, तर बोट लांब दिसलं. ती गोष्ट त्यांनी एकोणीस वर्षं मनात ठेवली. आता सांगा भाऊ, माझ्या जागी तुम्ही नाही म्हटलं असतं?

शिवाय मला वाटलं, दगडातलं आपल्याला कळतं. पस्तीस वर्षं मी चुनखडीच्या खाणीत काढली. (काय करत होतो हे तुम्ही लोकांना सांगताना 'दगडाचा साहेब' म्हणता, ते तसंच राहू द्या. मी ड्रिलच्या भोकातली भुकटी पिशवीत भरून लॅबला नेऊन देत होतो. दगड चांगला की वाईट, ते लॅब सांगायची.) मी मयुरीला म्हटलं, हिरा म्हणजे शेवटी दगडच ना? ती म्हणाली, "बाबा, तुमी गप बसा, मी सांगते ते लिहून घ्या." आणि तिने तासभर माझी शाळा घेतली. पहिलं म्हणजे कॅरेट. मी म्हटलं, अर्धा कॅरेट पुरे. मनात माझ्या टमाट्याचं कॅरेट होतं, आणि एवढा हिरा ठेवायचा कुठे ह्याची काळजीही वाटली होती. मग कळलं, हे वजन आहे आणि अर्ध्या कॅरेटचा हिरा जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा भरतो. दुसरं, लांबी. लांबट हिरा रुंदीच्या सव्वापटीहून जास्त आणि दीडपटीहून कमी लांब असला की डोळ्याला गोड दिसतो. दोन्ही टोकं सारखी हवीत, एक फुगीर आणि एक निमुळतं झालं की ते अंडं. पोट फार खोल नको, फार उथळ नको, नाहीतर उजेड खालून सांडतो. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे बो. इंग्रज लोक गळ्यात फुलपाखरू बांधतात, तशी एक काळी सावली लांबट हिऱ्याच्या मधोमध बसते. थोडी सगळ्यांतच असते, पण वाईट कापलेल्या हिऱ्यात ती हलतच नाही. हिऱ्याला जन्मदाखल्यासारखा दाखला मिळतो, पण ह्या बोबद्दल दाखला बोलत नाही. ते आपल्या डोळ्यांनीच बघायचं, आणि दुकानाच्या झगझगाटात नाही, सावलीत बघायचं.

त्यानंतर मी खाणीच्या लॅबमधून बारीक माप घ्यायचा चिमटा मागून आणला आणि चार दिवस डोळ्याला सराव दिला. तोंडली फार लांब निघाली. आवळा बाद. कोंबडीचं अंडं लांबीत बसलं, पण टोकं सारखी नाहीत. अंगाचा साबण पहिल्या दिवशी बाद होता, चौथ्या दिवशी वापरून वापरून पास झाला. आठवडी बाजारात मी वालाच्या शेंगा सोलून दाणे मोजत होतो, तेव्हा भाजीवाल्या आशाबाईने विचारलं, "भाऊ, घ्याचं आहे, का त्याईचा इलाज करून राह्यले?"

गेल्या मंगळवारी सिस्टर आणि मी बसने चंद्रपूरला गेलो. ऊन फार, म्हणून मोठी काळी छत्री घेतली. आता एक अडचण सांगतो. सिस्टर मला अजून श्रीहरीभाऊच म्हणतात. आपल्याकडे सगळ्यांनाच भाऊ म्हणतात हे खरं, पण ठरलेल्या नवऱ्याला म्हटलं की बसचा कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता थांबतो. तेहतीस वर्षांची जीभ एका प्रवासात कशी वळणार?

दुकान मोठं होतं (नाव लिहीत नाही, पुढे कळेल का ते). आत इतके दिवे की मला माझे हात तरुण वाटले. सोफ्यावर एक बाई बांगड्या बघत होती आणि तिची दहा महिन्यांची पोरगी गालिच्यावर बसून गळा काढून रडत होती. मालक स्वतः पुढे आले. आम्ही काम सांगितलं. ते खूश झाले. "अभिनंदन! पण नवरी कुठी आहे? बोटाचं माप लागते ना."

सिस्टरने आपला हात काचेवर ठेवला. "हे घ्या बोट."

"तसं नाई काकू. नवरीचं."

"नवरीचंच आहे."

पोरगी रडतच होती. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि मग हसू आवरत खालच्या खणातून एक चपटी अंगठी काढली. म्हणाले, "हे पाहा काकू, साधी, पूजेलेही चालते. वयाले शोभली पाह्यजे ना."

"मी तुमाले वय इचारलं का? मग माझं तुमी काऊन मोजून राह्यले? लांबट हिरा दाखवा."

बोलल्या त्या ठणकावून. पण काचेवरचा हात हळूच मांडीवर गेला, तो मी पाहिला. भाऊ, मला आयुष्यात दोनदाच राग आला आहे, त्यातला हा दुसरा. मला राग आला की मी ज्ञान सांगतो. मी मालकांना लांबी, रुंदी, टोकं, पोट, सगळं ऐकवलं. त्यांनी मुकाट्याने कागदाची घडी उघडून तीन सुटे हिरे मांडले आणि सिस्टरच्या हातात चिमटा दिला. तिन्ही लखलख करत होते. मी म्हटलं, बाहेर सावलीत नेऊन बघतो. ते म्हणाले, सुटा हिरा दाराबाहेर जात नाही. मी म्हटलं, मग इथेच सावली करतो. आणि दुकानाच्या मधोमध, काउंटरसमोर, मी छत्री उघडली.

बंदूकवाला वॉचमन धावत आला. काय म्हणावं ते त्याला सुचेना, कारण छत्री उघडू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. छत्रीखाली सिस्टर आणि मी, दोघांची डोकी जवळजवळ. बाहेर सगळं दुकान, आणि आत आम्ही. पहिल्या हिऱ्यात काळं फुलपाखरू असं ठाण मांडून बसलं होतं की मी त्याला मनातल्या मनात उड म्हटलं. दुसरा एका टोकाला फुगीर. तिसरा सिस्टरने चिमट्यात धरून इकडे तिकडे कलवला. हात कसा स्थिर, एका जागी रोवल्यासारखा. त्या हिऱ्यातली सावली आली तशी गेली, आणि उजेड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यासारखा सरकला. सिस्टर हळूच म्हणाल्या, "अहो, हा."

भाऊ, त्या मला अहो म्हणाल्या.

मी गर्रकन त्यांच्याकडे वळलो. छत्री कलली, तिची एक काडी चिमट्याला लागली आणि हिरा उडाला.

मालकांनी बटण दाबलं. शटर खाली आलं. आत नऊ गिऱ्हाइकं, चार नोकर, वॉचमन आणि गुन्हेगार मी. सगळे गुडघ्यावर आले. मालक म्हणत होते, कोणी हलू नका, आणि सगळ्यांत जास्त तेच हलत होते. माझी छत्री तीनदा झटकली, खिसे तपासले, (मी स्वतःहून) चप्पल उलटी केली. मालकांचा आवाज चढत चालला. तेवढ्यात सिस्टर ताठ उभ्या राहिल्या आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, "सगळे चूप!" मग गालिच्याकडे बघून, "हे लेकरू काऊन चूप झालं?"

खरंच, पोरगी रडायची थांबली होती. मोठ्या समाधानाने काहीतरी चघळत होती. तिची आई किंचाळणार, तोच सिस्टरने डोळ्यांनी तिला गप्प केलं, पोरीला मांडीवर पालथं घेतलं, करंगळी गालात घातली, आणि निमिषात तळहातावर हिरा. दोन दात होते पोरीला. दातांना काही झालं नाही, हिऱ्यालाही नाही. पोरीला मात्र हिरा गेल्याचं फार वाईट वाटलं, ती पुन्हा सुरू झाली.

मालक खुर्चीत बसले. पाणी पिता पिता त्यांनी माझ्याकडून ऐकलं की ह्या तेहतीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होत्या. म्हणाले, "सिस्टर, गिळला असता तर?"

"तर दोन दिवस तुमचं दुकान हिच्या लंगोटीमागं फिरलं असतं," सिस्टर म्हणाल्या, आणि साबण मागून हिरा धुऊ लागल्या.

मालकांनी लगेच दुसरा, नवा कोरा हिरा दाखवतो म्हटलं. त्या म्हणाल्या, हाच. एका लेकराने मन लावून चाखला आहे. मग मालकांनी स्वतः उठून त्यांच्या बोटाचं माप घेतलं, आणि ह्या वेळी काकू म्हणाले नाहीत. हिरा चार काट्यांनी धरणाऱ्या साध्या बैठकीत बसवणार आहेत. अंगठी गुरुवारी मिळेल.

परतीच्या बसमध्ये सिस्टर सारख्या आपल्या मोकळ्या बोटाकडे बघत होत्या. मी त्यांना सांगितलं की रुखमाला मी हिरा काय, एक धड मोत्याची नथ घेतली नाही, घेऊ घेऊ म्हणत राहिलो. त्या म्हणाल्या, "तिचं सांगत जा. मले राग नाई येत." मग राजुरा येईपर्यंत मी रुखमाचंच सांगत होतो. तुमचंही बरंच सांगितलं. वाघाला स्वभाव माहीत नाही, हे त्यांना फार आवडलं.

साखरपुडा येत्या रविवारी, आमच्या घरी, अकराच्या सुमारास. माणसं थोडी, जेवण भरपूर. वहिनींना घेऊन यावं. न आल्यास मी समजून घेईन, पण मयुरी घेणार नाही.

थोरांना पाया पडणं, लहानांच्या पाठीवर हात, वाघाला लांबूनच नमस्कार.

तुमचाच,
श्रीहरी

ता. क. वर मी लिहिलं की छत्रीखाली मला फुलपाखरू दिसलं, टोक फुगीर दिसलं, उजेड पाण्यासारखा सरकलेला दिसला. भाऊ, तुमच्याशी खोटं कशाला? जवळचा चष्मा मी गडचांदूरलाच विसरलो होतो. मला तीन पांढरे ठिपके आणि सिस्टरचा कान दिसत होता. बाकी सगळं त्या सांगत होत्या आणि मी हो हो म्हणत होतो.

पुन्हा ता. क. आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं ते लिहितो. रविवारी आमच्याकडून माणसं आहेत, सिस्टरकडून कोणीच नाही. मुलीकडची सतरंजी रिकामी राहील, हे त्या बोलत नाहीत, पण मला कळतं. तुम्ही माझ्याकडून येऊ नका. सिस्टरकडून या, त्यांचे भाऊ म्हणून. आपलं नातं आहे तेच राहील, मी तुमचा भाटवा आणि तुम्ही माझे साळे, कोणाला काही नवीन शिकावं लागणार नाही. आणि लग्नात नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. कान तोच आहे, एकदा तुम्ही पिळलेला. आता त्या बाजूने जरा कमी ऐकू येतं, तेव्हा पिळाल तर जोरात पिळा.