बिनसुरुंगी कोळसा

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

इथल्या खाणीत चाचणी झाली! आमच्या यंत्राचं दातेरी चाक न थांबता कोळसा खरवडत गेलं, मागच्या पट्ट्यावर टाकत गेलं. तासाला सहाशे टन हवे होते, नऊशे दहा निघाले. ज्या खाणीला यंत्र जायचंय ती वस्तीला अगदी खेटून आहे, तिथे सुरुंगाला बंदी. मोठे साहेब भाषणात म्हणाले की सुरुंगवाल्यांना आता संग्रहालयात बसवा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला खिडकीजवळची जागा मिळवून देईन. फोटो पाठवतेय.

राग सोडा, लोभ तेवढा चालू ठेवा.
तुमची ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो भिंगाखाली धरला. छान दिसतेस, जरा वाळलीस. पण तुझ्या मागच्या कोळशाच्या भिंतीत उभ्या अर्धगोल खाचा आहेत, सारख्या अंतरावर. त्या चाकाच्या नव्हेत गं, सुरुंगाच्या भोकांच्या. एकतीस वर्षं मी तीच पाडली. तुमच्या आधी कुणीतरी भिंत खिळखिळी करून ठेवलीय. साहेबांना विचारू नकोस, ते पुन्हा भाषण करतील. तिथल्या सुरुंगवाल्याला विचार.

जेवणाची हेळसांड नको.
बाबा

२ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

तुमचंच खरं निघालं. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी तोंडी हुकूम दिला होता, असं सुरुंगवाल्याने सरळ सांगून टाकलं. मी कोऱ्या भिंतीवर पुन्हा चाचणी घेतली: तीनशे चाळीस टन, आणि सतरा दात तुटले. अहवालात तसंच लिहिलं. साहेब म्हणाले, आकडे बरोबर आहेत, दृष्टिकोन चुकलाय. मी बदलेना, तेव्हा माझी रवानगी यंत्राचा रंग ठरवणाऱ्या समितीवर झाली. मग मी अहवाल थेट यंत्र घेणाऱ्या खाणवाल्यांना धाडला. त्यांना आता चाचणी डोळ्यांदेखत हवीय, म्हणून नवे दात करायला मला तीन महिने मिळालेत. पण आदल्या दिवशी पुन्हा कुणी भोकं पाडली तर?

याल का? वाट पाहते.
ठमी

९ जून

चि. ठमीस,
पोटभर आशीर्वाद.

काल घरी पोचलो. पाठ धरलीय. दोन दिवस भिंतीसमोर खुर्ची टाकून बसणं या वयात सोपं नाही. साहेब तीनदा येऊन विश्रांती घ्या म्हणाले. मी कानाला हात लावून काय, काय करत राहिलो.

सहाशे वीस टन, आणि एकही दात तुटला नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी तुझ्या रंगसमितीनेसुद्धा. मी वाजवल्या नाहीत, हे तुला दिसलं असेल. राग नव्हता गं. माझा धंदा डोळ्यांसमोर संपत होता आणि संपवणारी माझीच पोर. हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

तुझाच,
बाबा