साल्वेराच्या चौकातली माझी जागा

मी, पुरिफिकासियोन मालाबानान, जिला सगळा बाजार पुरिंग म्हणतो, वय त्रेपन्न, धंदा मासेविक्री व दुसरा जो कलम तीनमध्ये येईल तो, राहणार लेमेरी, प्रांत बातांगास, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं माझ्याकडे मासे उधार मागून बघावेत. येत्या गुरुवारी शहरातल्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मग सहीला एवढे कागद कशाला पुढे केले, ते मात्र सांगत नाहीत.

वकीलबाईंनी सांगितलं की सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं, तारीख घालायची, खाली सही करायची, बास. साक्षीदार लागत नाहीत म्हणाल्या. मी तरी घेणार आहे. वकीलबाईंनी माझी माणसं पाहिलेली नाहीत.

कलम पहिलं. घर, त्यावरचा पत्रा, मागची दोन आंब्याची झाडं, कानातलं सोनं आणि पतपेढीत आहे ते सगळं माझी एकुलती एक मुलगी रिझालिन हिला. तिचा बाप जहाजावर होता, तिकडेच वारला. दुसरं मूल नाही, म्हणजे भांडायला कोणी नाही. तरीही जो येईल त्याचं नाव कलम चारमध्ये आहे.

कलम दुसरं. बाजारातला माझा ओटा, तराजू आणि सुऱ्या शेजारच्या ओट्यावरच्या बासिलिसाला. रिझालिनला त्यांचा उपयोग नाही. ती नर्सिंग शिकते, माणसांची पोटं बघणार आहे, आणि माशाचं पोट फाडलं की तोंड फिरवते. बासिलिसानं आयुष्यभर घाण पाणी माझ्या पायाखाली सोडलं, माझी मोठी सुरी मागून नेली आणि बोथट करून परत दिली. आता स्वतःचीच बोथट करावी. सुरी मी धार लावून ठेवते आहे, म्हणजे तिला फरक कळेल.

कलम तिसरं. हे नीट लिहायला हवं.

ज्या वर्षी ज्वालामुखीची राख पडली आणि पाठोपाठ रोगराई आली, त्या वर्षी बाजार बंद झाला. मासे विकायचे तर गिऱ्हाईक घरात कोंडलेलं. रिझालिन दिवसभर संगणकापुढे बसून खेळत होती. मी विचारलं, "काय करतेस गं एवढं?" म्हणाली, "आई, राक्षस मारते. त्यांच्याकडून सामान मिळतं, ते लोक विकत घेतात." मी म्हटलं, "खरे पैसे देऊन?" म्हणाली, "खरे." खेळाचे मालक त्यातला आपला हिस्सा कापून घेतात आणि उरलेले देतात. मालकसुद्धा हिस्सा घेतो म्हटल्यावर माझा विश्वास बसला. फुकटाच्या धंद्यात कोणी हिस्सा मागत नाही.

मी म्हटलं, "सरक तिकडे."

"तुला नाही जमायचं. तिथे तलवारी विकतात, मासे नाही."

तलवारी विकतात म्हणे. मी काही न विकता, काही न घेता, खेळातल्या साल्वेरा शहराच्या चौकात नुसती उभी राहिले आणि बघत बसले. नवीन माणसाची पहिली चूक हीच. आला की लगेच घ्यायला धावतो. जांभळी टोपी, सोन्याचे पंख, असली भपकेबाज वस्तू सगळे पैसे घालून घेतो आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात बांधून फिरतो. मोठा मासा दिसायला छान, पण लग्न नसेल तर तो घेणार कोण? रोज खपतं ते पोटाला लागतं ते. चौकातून लढाईला निघणारा प्रत्येक जण दोन वस्तू घेतो, बाणांची पिसं आणि जखमेवरची मुळी. आणि लढाईहून परत येणाऱ्याची पिशवी फुटायला आलेली असते, त्याला ती रिकामी करायची घाई. येणाऱ्याकडून घ्यायचं, जाणाऱ्याला विकायचं. होडी किनाऱ्याला लागताना मी हेच करत आले. कोणी मला नवीन काही शिकवलं नाही.

रिझालिनसाठी लिहून ठेवते. एकाच वस्तूपासून सुरुवात कर. तिचा भाव अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावू नकोस. देवघेवीच्या खिडकीत दोघांचा माल मांडला जातो, मग दुसरं पान उघडतं आणि "नक्की ना?" असं विचारतं. तिथे पुन्हा नीट बघ. चोर तिथेच माल बदलतो, चित्रात सारखी दिसणारी हलकी वस्तू ठेवतो आणि "लवकर कर काका, लवकर" म्हणून घाई करतो. घाई करणाऱ्याचा अंगठा तराजूवर असतो. "आधी तू दे, मग मी देतो" म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नकोस.

काका म्हणतात, कारण खेळात माझ्या जागी उभा असतो त्या बाहुल्याला मिशा आहेत. बाईला चौकात दिवसभर लग्नाच्या मागण्या येतात, धंदा होत नाही.

या धंद्यावर रिझालिनची फी गेली आणि या घराचं छत झालं. बाजार उघडला तरी मी सोडला नाही. पहाटे ओट्यावर जायच्या आधी आणि दुपारी परत आल्यावर. रिझालिनला त्याची लाज. कॉलेजात सांगते, आई घरून कपडे विकते. कपडे! माझ्या अंगावर कधी चांगला कपडा पाहिला आहे का कोणी?

तर ही जागा, मिशीवाला बाहुला आणि त्याच्या पिशवीतला सगळा माल रिझालिनला. वकीलबाई म्हणाल्या, असल्या खात्याचा वारसा कायद्यात कसा बसतो ते नक्की सांगता येणार नाही. म्हणून मी खातं देत नाही. परवलीचा शब्द देते, तो तिच्या कानात सांगितला आहे. कानातलं काढून घ्यायला कुठलं कोर्ट येतं ते बघू.

<s>अट एकच. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही. तो मागेल त्या भावात द्यायचं. भवानी फिरली की दिवस फिरतो, हे माझ्या आईनं मला शिकवलं, तिच्या आईनं तिला.</s>

कलम चौथं. माझा धाकटा भाऊ क्रिसांतो.

मी चौकात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हा माझ्या मागे बसून हसला होता. "ताई, आता हवा विकायला लागलीस? किलोवर देतेस की वाटीवर?" झुंजीच्या कोंबड्यांपायी होडीचं इंजिन घालवलेला माणूस मला धंद्यावर हसतो. पुढे फी भरली जाते आहे असं दिसलं तेव्हा रोज येऊन बसायला लागला. कॉफी प्यायचा, बघायचा, उठून जायचा.

त्यानंतर रोज पहाटे माझं पहिलं गिऱ्हाईक एकच. नाव 'काळा वारा'. पिसं घ्यायचा आणि पडत्या भावात मागायचा. भवानी म्हणून मी द्यायची. जुनी सवय, पहिला सौदा झाला की तळव्यानं पडद्यावर थापटी मारायची, सगळ्या मालाला ती भवानी लागावी म्हणून. थापट्या मारून मारून मी त्याचंच घर भरत होते. दुपारी तोच वारा चौकाच्या दुसऱ्या टोकाला माझीच पिसं दीडपट भावानं विकायचा.

एक दिवस त्यानं लिहिलं, "मूठभर वर घाल की गं, ताई."

मी माझ्या मिशांकडे बघितलं. साल्वेरात मला ताई म्हणणारा एकच माणूस असू शकतो.

तशीच त्याच्या घरी गेले. कोंबड्याच्या पायाला तेल चोळत बसला होता.

"काळा वारा बरा आहे ना?"

"कोण गं?"

"माझी पिसं नेतो तो."

मान वर केली नाही. "भवानीला नाही म्हणायचं नसतं, ताई. तूच म्हणतेस."

"मी गिऱ्हाइकाबद्दल म्हणते. उंदराबद्दल नाही."

"उंदीर काय, पैसे टाकतो ना? मग गिऱ्हाईकच."

लाज नावाची गोष्ट त्याला देताना आई विसरली. त्यानंतर तो नावं बदलून यायला लागला. नाव कुठलंही असो, भाव तोच पडता. मला सगळं कळत होतं. पण पहिलं गिऱ्हाईक माझ्यानं परत पाठववेना.

आता माझ्या ऑपरेशनची बातमी कळल्यापासून आंबे घेऊन येतो. माझ्याच झाडाचे. "ताई, देव करो काही न होवो. पण परवलीचा शब्द कोणाजवळ तरी असावा. पोरगी लहान आहे, तिला कोणीही फसवेल." खरं आहे. कोण फसवेल तेही मला माहीत आहे.

क्रिसांतोला माझ्या इस्टेटीतून त्याच्या कोंबड्यानं फोडलेलं माझं मातीचं भांडं द्यावं. तुकडे चुलीमागे आहेत.

पुढचं आज लिहिते आहे. वरचं सगळं काल लिहून टेबलावर ठेवलं होतं. रिझालिननं ते वाचलं. मी तिला वाच म्हटलं नव्हतं.

म्हणाली, "आई, ही अट तू मला घालत नाहीस. मामाला देते आहेस."

"तोंड सांभाळ. भवानी आहे ती."

"तू गेल्यावर तो रोज पहाटे येऊन उभा राहील आणि मी रोज देत बसेन. तुझ्या सहीनं. माझी फी कोण भरणार? वारा?"

मला राग आला. खरं बोललं की मला येतो. म्हटलं, "एवढं कळतं तर बस उद्या चौकात. कपडेवालीची मुलगी!"

आणि बसली. आज पहाटे मी मागे खुर्ची टाकून बघत होते. पहिलं गिऱ्हाईक आलं, नाव 'शांत लाट', कालपर्यंत या नावाचं कोणी नव्हतं. पिसं मागितली, पडत्या भावात. रिझालिननं भाव लिहिला. तो म्हणाला, "काका, भवानी आहे. असं करू नये." हिनं लिहिलं, "मग जिथे स्वस्त मिळेल तिथे करा."

माझा हात तिच्या खांद्याकडे गेला होता. "अगं दे त्याला, दिवस बसेल!" ती म्हणाली, "बसू दे. दिवस बसला तर मी उभी राहीन." लाट थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली. मी देवाचं नाव घेत बसले. आता कोणी येणार नाही, अशी माझी खात्री होती. लढाईला निघालेलं एक टोळकं आलं आणि लिहिलेल्या भावात निम्मी पिसं घेऊन गेलं. जेवायच्या आत बाकीचीही संपली. पोरीनं दुसऱ्या पानावर दर वेळी थांबून बघितलं. मुळीचा भाव मात्र चुकवला. मी तिला तसं सांगितलं.

म्हणून कलम तीनमधली अट मी माझ्या हातानं खोडली आहे. खोडल्या जागी पूर्ण सही लागते, ती बाजूला केली आहे. जागा रिझालिनची, विनाअट. माझ्या आईला वर गेल्यावर मी स्वतः समजावेन, आणि ती मला बोलेल ते ऐकून घेईन.

साक्षीदारांबद्दल. लिहीत असताना क्रिसांतो दारात आला, हातात आंबे. आल्या आल्या विचारलं, "आज दुकानात पोरगी बसली होती का गं? जरा कडकच बोलते."

म्हटलं, "तुला कसं कळलं?"

तो आंबे टेबलावर मांडायला लागला.

वकीलबाईंना मी फोनवर विचारून घेतलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. मी क्रिसांतोला खुर्ची दिली. कॉफी दिली. म्हटलं, "साक्षीदार हवा आहे. घरचा माणूस असलेला बरा."

"सही केली म्हणजे माझं काय ते पक्कं ना, ताई?"

"पक्कं."

वाचायचं आहे का, म्हणून मी विचारलं. नको म्हणाला, विश्वास आहे. मग भांड्याचे तुकडेही रिझालिनलाच द्यावेत.

लिहून देणार: पुरिफिकासियोन मालाबानान (सही)

साक्षीदार पहिला: क्रिसांतो मालाबानान, धाकटा भाऊ (सही, खाली दोन रेघा ओढून)

साक्षीदार दुसरी: एप्रिल मागसिनो, शेजारीण (सही)

बासिलिसालाही साक्षीदार करणार होते. मग सुरी आठवली.

ठिकाण: लेमेरी, बातांगास. तारीख: १४ जून २०२२, मंगळवार.