सुमीची नई

१० मे
ओसरीवर सुट्टीचा वर्ग सुरू. नऊ पोरं. माचिसचा हत्ती, जुन्या मोज्याचा ससा, खराट्याच्या काड्यांच्या मिशा. कणकेची खळ अर्धी केसांत. आमचे हे म्हणे, "रिटायर झाली, पण मास्तरकीची खोड काई जात नाई तुयी." जाऊ तरी काऊन?

१२ मे
नवी पोरगी आली. सुमी, सहा वर्षांची. मायबाप मागच्या वावरात राखणीले आले, कारंज्याकडचे. घरात वेगळंच बोलतात. जूनमधी हिचं नाव शाळेत टाकाचं आहे. बोलत नाई फारशी, पण हात काय सुंदर! मोज्यात कापूस भरला, एक कान उभा, एक पडेल.

१३ मे
डोकं गरम. सगळ्याइले आपापला प्राणी दाखवून नाव सांगाले लावलं. सुमीले विचारलं, "हे काय बनवलं?"
म्हणे, "नई."
आपल्याकडं अर्धी पोरं 'नाई'ले 'नई'च म्हणतात. पुन्हा विचारलं. "नई." तिसऱ्यांदाही तेच, अन् वरून हासली.
"नई काऊन? सांगाले तोंड दुखते का?" पोरं खिदळली. प्राणी कपाटावर ठेवून देल्ला, म्हटलं नाव सांगशीन तवा नेजो. रडली नाई. चप्पल घातली अन् गेली. छत्तीस वर्षं असा हट्ट चालू देल्ला नाई म्या.

१४ मे
सुमी नाई आली. येईन.

१६ मे
आजही नाई. पोरं तिले 'नईबाई' म्हणून राह्यले. खडसावलं. पण शिकवलं कोणं? मीच.

१८ मे
कैऱ्या आणाले वावराकडं गेलती. सुमीची माय भाकरीचा तुकडा हातात धरून ओरडून राह्यली, "नई! ए नई!" बांधावरून कुत्रं पळत आलं. एक कान उभा, एक पडेल.
"काय म्हटलं तुम्ही त्याले?"
"नई. आमच्या गोंडीत कुत्र्याले नई म्हणतात, बाई."
तिथंच बाजेवर बसली. तीनदा विचारलं, तीनदा पोरीनं बरोब्बर सांगतलं. हासून सांगतलं. अन् मी!
माय म्हणे, "आता शाळेतच जात नाई म्हणते. म्हणे बाईले आपलं बोलणं आवडत नाई."
कैऱ्या तिथंच राह्यल्या.

१९ मे
कपाटावरचं कुत्रं काढलं. धूळ झटकली. सुमीकडं जाची लाज वाटते. आमच्या ह्यायले सांगतलं तर म्हणे, "जा ना, पोरीपुढं कायची लाज?" पोरीपुढंच तर.

२१ मे
गेली शेवटी. सुमी दाराआड. खाली बसली तिच्यापुढं, म्हटलं, "चुकलं मायं. हे काय आहे, सांग बरं."
"कुत्रा," म्हणे. एकदम शुद्ध. पाठ केल्यावानी.
एका दिवसात हे शिकवलं म्या तिले.
म्हटलं, "कुत्रा नको म्हणू. तुयं नाव सांग त्याचं. आता सांगशीन?"
खाली पाहून हळूच म्हणे, "नई."
नाव सांगतलं, का नाई म्हटलं?
मोज्याचं कुत्रं उंबऱ्यावर ठेवून आली. पुन्हा विचाराची हिंमत नाई झाली.