किसनचा वर केलेला हात

४ मार्च १९३२, कर्जत
सकाळपासून स्टुडिओत तीन गिऱ्हाइकं. तिघंही खुर्चीत ओंडक्यासारखी. ‘हलू नका’ म्हणायची गरजच नाही, उलट ‘श्वास घ्या’ म्हणावं लागलं. दुपारी कुलूप ठोकलं नि सायकलवर दहिवलीपर्यंत उगाच जाऊन आलो. चार भिंतींत जीव गुदमरतो. सौ. म्हणाली, “पायाला भिंगरीच बांधलीय तुमच्या.” खोटं नाही.

७ मार्च
खंडाळ्याच्या डॉक्टरांचं पत्र. माझं ‘कशेळ्याचा बाजार’ हे फोटोंचं पुस्तक त्यांच्याकडून कुणा पाहुण्यानं लांबवलं, दुसरी प्रत हवी. सहाच केल्या होत्या. फोटो मी चिकटवले, खळ सौ.ची, मोरचूद घातलेली, म्हणून अजून कीड नाही. आता घरी माझी एकच. डॉ. लिहितात, इतक्या माणसांत एकही कॅमेऱ्याकडे बघत नाही, हीच कमाल. वाचून फुगलो, लपवू कशाला. हाच तर माझा नियम. कॅमेरा पोटाशी, तोंड भलतीकडे, वांग्याचा भाव विचारत राहायचं. ज्यानं बघितलं, तो फोटो वाया. असल्या निगेटिव्हज बिस्किटांच्या डब्यात जातात.
दुसरं पुस्तक करा म्हणतात. करणारच.

१२ मार्च
कशेळ्याकडची एक बाई आली, भागी. भावाबरोबर चालत. “तुमच्या बुकात आमचे ह्ये हायेत म्हनं.” नवरा किसन, गेल्या वैशाखात तापानं गेला. नाव भावानं सांगितलं, ती नाही घेणार.
पुस्तक पुढे ठेवलं. अकराव्या पानावर हात थांबला. गाडीपाशी दोघे जण, किसन नि त्याचा जोडीदार राघो. किसनचा हात राघोच्या खांद्यावर, दोघेही खदखदा हसतायत. माझा सगळ्यात लाडका फोटो.
पदरानं पान पुसलं. मग: “त्यास्नी इचारलंवतं का, काढू का म्हून?”
नाही म्हटलं.
“मंग कसा काढला?”
विचारलं तर हसणं जातं, हे तिला कसं सांगू?
वर्षश्राद्धाला देव्हाऱ्याशेजारी लावायचाय, हार घालायचाय. दुसरा फोटो आयुष्यात कधी काढला नव्हता. देतो म्हटलं. त्यात काय, निगेटिव्ह आहे.

१९ मार्च
त्यात बरंच काही निघालं. फोटोतला राघो आज थेट स्टुडिओत. घामाघूम.
“फोटूवाले, मी जिता हाय न्हवं?”
म्हटलं, दिसतोय तरी तसा.
“मंग माज्या गळ्यात हार कशापाई? मेल्या मानसासंगं जित्याला पुजत्यात व्हय? बायको जेवंना जालीय माजी.”
हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं. फोटोला हार घालणार म्हणून भागीनं त्याच्या घरी आनंदानं सांगितलं होतं.

२३ मार्च
प्रिंट मधून कापून बघितला. फोटो कापणाऱ्यांना मी आजवर शिव्या देत आलो, आज स्वतःच कात्री धरली. राघो गेला, त्याबरोबर किसनचा हातही कोपरापासून गेला. हात ठेवावा तर राघोचा खांदा राहतो.
भागीला दाखवला. पदरात तोंड घातलं. “भंगलेला देवसुदीक पुजत नायत, दादा. हात तोडलेलं मानूस कसं लावू भितीवर?”
मला स्वतःचाच राग आला. रस्त्यावर काढलेल्या फोटोला देव्हाऱ्याची मापं कशी लागायची? पण ती मागतेय ते काही फार नाही.

२ एप्रिल
आठ दिवस जुन्या निगेटिव्हज उपसतोय. खालापूरच्या लग्नाचे ग्रुप तसेच पडलेत, पार्टी चिडलीय. चिडू दे. किसन एकटा कुठे तरी असेलच. दोनदा सापडला; एकदा पाठ, एकदा बैलाआड अर्धा. अन्न गोड लागत नाही. सौ. म्हणाली, “तो डबा बघितलात का?” त्यात काय असणार, वाया गेलेले, असं म्हणालो नि उठून पळसदरीच्या रस्त्यानं भटकत सुटलो.

३ एप्रिल
डब्यात होता.
पूर्ण माणूस, डोक्यापासून पावलापर्यंत. एकटा. सरळ माझ्याकडे बघतोय. उजवा हात वर, तळवा पुढे, तोंड उघडं.
बघितल्याबरोबर सगळं आठवलं. त्याच दिवशीचा, त्याच रोलवरचा. मला त्यानं पकडलं होतं. “ए, नको काढू रं!” असा ओरडला नि मी खटका दाबून मोकळा. मग गाड्यांमागून वळसा घालून दहा मिनिटांनी परत गेलो, तो विसरून राघोशी हसत होता. तेव्हा अकरावं पान काढलं.
म्हणजे नको म्हटल्यावर काढलं. हे मी इतकी वर्षं विसरलो होतो. विसरलो होतो की आठवायचं नव्हतं?

५ एप्रिल
प्रिंट मोठा केला. देऊ नये असं दहादा वाटलं. पण दुसरा नाही.
भागीनं बघितला मात्र, चेहरा उजळला. “बघा गं बाय, आशीर्वाद देत्यात! हात वर केलाय.” तिथेच जमिनीला डोकं टेकलं. राघोही बरोबर होता. सुटलो बाबा म्हणाला नि त्यानंही हात जोडले.
मी प्रिंट कागदात गुंडाळून दिला.

२० एप्रिल
डॉ. आले होते. तो प्रिंट दाखवला. म्हणाले, हा नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर घ्या. ‘नाही’ म्हणालो. तुम्हाला हवी ती प्रत करतो, पण अकरावं पान काढून टाकीन म्हटलं, तर प्रत अपुरी नको म्हणाले. चिडून बोललो त्यांना. उगाच.

९ मे
किसनचं वर्षश्राद्ध. जेवायला बोलावलं होतं, टाळता आलं नाही. फोटो देव्हाऱ्याशेजारी, झेंडूचा हार, हळद-कुंकू. येणारा जाणारा त्या हाताखाली वाकत होता. मीही वाकलो.
निघताना भागी ओट्यापर्यंत आली. “दादा, फोटू काढताना ह्ये कायतरी बोलत व्हते. तोंड उगडं हाय. काय म्हनले?”
बाजारात गलबला होता, म्हटलं, आठवून सांगतो.
“आठवा. वरीस जालं, आवाज आठवंना जालाय त्यांचा मला. चार शबूद कळले तरी पुरे.”
सायकल हातात धरून अर्धा रस्ता चालत आलो. मला तो आवाज स्पष्ट ऐकू येतोय.

१० मे
उद्या कशेळ्याचा बाजार. भागी येणार, ते चार शब्द विचारायला. कॅमेऱ्यात फिल्म भरलेली नाही अजून. सौ. दोनदा विचारून गेली, उद्या जाताय ना?